मावशी मुलांना काही विचारत नसत

ज्या माणसाकडे आज राहायला जायचंय तोच दारात उभा असेल, तर दहा वर्षांची मुलगी ‘मला तिकडे जायचं नाही’ असं म्हणेल का? तुम्ही म्हणाला असता?

बाल कल्याण समितीच्या ऑफिसात मुलांना सांभाळायला एक मावशी होत्या. कंत्राटी. कसबा बावड्याहून बसने यायच्या, वाटेत घरची भाजी घ्यायच्या आणि ऑफिसच्या फरशीवर बसून ती निवडायच्या. कुणी मुलाला प्रश्न विचारू लागलं की म्हणायच्या, “बसू दे की जरा. बोलंल.”

मी एका संस्थेची कार्यकर्ती. ‘मुलांचं ऐका’ हे पत्रक माझंच. मुलांच्या मताच्या हक्काचं कलम मला तोंडपाठ. मावशींना असं काही कलम असतं हेही ठाऊक नव्हतं. तरी मुलं बोलायची ती त्यांच्याशीच. याचा मला राग यायचा असं मी तेव्हा म्हणायचे. तो राग नव्हता, मत्सर होता.

एकदा मीही गवार आणून फरशीवर बसले. दोन मुलींनी भराभर शेंगा मोडल्या, हात झटकले. “मॅडम, झालं. जाऊ?” मावशी पदराआड हसल्या. ते हसू मला आठवडाभर टोचत राहिलं.

मग एका सकाळी गडहिंग्लजकडची बहीण-भाऊ आली. ती दहाची, तो चारचा. वडील नव्हतेच, आई अपघातानंतर दवाखान्यात, शुद्ध नाही. संध्याकाळच्या आत मुलांची सोय लावायची होती आणि चुलता न्यायला तयार होता. मी मुलीपुढे मत नोंदवायचा फॉर्म ठेवला. “काकांकडे जायचंय?” तिने मान हलवली. मी ‘होय’वर खूण केली.

“ताई, चुलता दारात हुबा हाय की,” मावशी हळूच म्हणाल्या. मग मोठ्यानं, “पावणं, खाली जाऊन च्या पिऊन या जावा!”

तो गेला. मावशींनी मेथीची जुडी सोडली, अर्धी मुलीपुढे सरकवली. अर्धा तास दोघी पानं खुडत राहिल्या. मी तीनदा घड्याळ पाहिलं.

“काका मला एकटीलाच नेणार हाय,” मुलगी मेथीकडे बघतच म्हणाली. “ह्याला आश्रमात घालणार म्हणतोय.”

“व्हय गं,” मावशी देठ मोडत म्हणाल्या.

“हातकणंगल्याला आत्या हाय. ती दोघांस्नी ठेवून घेईल. तिला कुणी इचारलंच न्हाय.”

मी पेन उचललं. मावशींनी माझं मनगट धरलं. “तुमी नगा सांगू. ती सांगंल.”

समितीपुढे मावशी मुलीच्या खुर्चीमागे नुसत्या उभ्या राहिल्या. मुलगी बोलली. आत्याला बोलावलं, चौकशी झाली आणि संध्याकाळी दोघं एकत्र गेली. जाताना मुलगी मावशींच्या कमरेला बिलगली. मला म्हणाली, “येतो, मॅडम.”

मी घरी जाऊन रडले. आणि त्याच आठवड्यात तक्रार लिहिली: ‘सदर मदतनीस बालकांकडून स्वतःचे घरकाम करून घेतात.’ एकही शब्द खोटा नव्हता. पत्रकं लिहून कमावलेली सगळी धार मी त्यात वापरली.

खुलासा मागितला, तेव्हा मावशी म्हणाल्या, “व्हय, निवडून घेतो की.” कंत्राट पुढे वाढवलं नाही. तक्रार कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही. पिशवी उचलताना मला एवढंच म्हणाल्या, “ताई, तुमी लिवता झ्याक. बसायला तेवढं शिका.”

त्यांच्या जागी अजून कुणी नाही. मागच्या मंगळवारी एका मुलीला मी विचारलं, कुठे राहायला आवडेल. ती म्हणाली, “तुमीच लिवा काय ते.”

तक्रार माझी होती आणि ती मत्सरातून केली होती, असा अर्ज मी आता नावानिशी लिहिलाय. मावशींना परत घ्या, एवढीच मागणी. पण तक्रार करायला एक सही पुरली. ती पुसायला पुरत नाही. रोज दुपारी मी ऑफिसच्या जिन्यापाशी तो कागद घेऊन उभी असते. या, नीट वाचा, मला बोल लावायचा तर लावा. आणि सही करून जा.