छातीतला डाग

बनुबाईला सासरहून काढली ती एका डागापायी. शिरवळला तिचा नवरा अर्जुना कारखान्यात कामाला होता. पंधरा दिवस बनुबाईचा खोकला हटेना म्हणून छातीचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, "उजव्या बाजूला डाग दिसतोय. थुंकी तपासून घ्या." तपासणीत काही निघालं नाही, खोकलाही आठवड्यात गेला, पण सासूच्या कानानं तेवढा एकच शब्द धरला. आधी बनुबाईचं ताट-तांब्या वेगळं झालं, मग अंथरूण. शेवटी अर्जुनानं तिला माहेरी, आटपाडीच्या गाडीत बसवलं. चार वर्षांची शिवांजली आईला बिलगली, तर त्यानं तिला ओढून घेतलं. "पोरीला बी मारतीस का?" एवढंच बोलला.

वर्षाच्या आत त्यानं दुसरी केली. बनुबाई धाकट्या भावाकडं, दादासोकडं, राहिली आणि लोकांच्या डाळिंबात राबली. लेकीला भेटायला दोनदा गेली, दोन्ही वेळा दारातूनच परतली. तिसऱ्यांदा गेलीच नाही. आपल्या श्वासानं पोरीला काही होईल, हे एव्हाना तिलाही खरं वाटू लागलं होतं.

बारा वर्षांनी पित्ताशयात खडे झाले. ऑपरेशनआधी सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला. दादासोनं जुनी फिल्मही आणली होती. बाईंनी दोन्ही उजेडावर धरल्या.

"घाबरू नका. डाग होता तेवढाच आहे, चुन्यासारखा घट्ट झालाय. लहानपणी कधी जंतू शिरला असेल, तो तुमच्या अंगानंच कोंडून टाकला. जखम भरल्यावर वण राहतो ना, तसा हा वण."

"दुसऱ्याला लागतंय का वो त्ये?"

"नाही."

"आनि तवा? बारा वर्सांमागं?"

बाईंनी जुनी फिल्म पुन्हा पाहिली. "तेव्हाही हा वणच होता, मावशी."

ऑपरेशन नीट झालं. टाके निघाले त्या दिवशी तिनं अर्जुनाला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "आता त्ये उकरून काय करायचं?"

"शिवांजलीला दे."

पोरगी फोनवर आली. डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते बनुबाईनं तिला जसंच्या तसं सांगितलं. पोरगी अवघडून म्हणाली, "बरं. तुमी तब्येतीला जपा."

सख्ख्या आईला कुणी 'तुमी' म्हणत नाही. बनुबाईनं फोन बंद केला.

"आक्का, शिरवळला जाऊन येऊ या का? मी येतो संगं," दादासो म्हणाला.

"कशाला?" ती म्हणाली. "तितं माजं कोन हाय?"