सत्काराची शाल, कमरेला

आमच्या गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा माझ्या नवऱ्याला इतका आनंद झाला, की बघणाऱ्याला वाटावं आरक्षण त्यांच्यासाठीच पडलंय. अर्ज त्यांनी भरला, पेढे त्यांनी वाटले, हार त्यांनी घालून घेतले. सही तेवढी माझी घेतली. ग्रामपंचायतीतल्या माझ्या खुर्चीवर तेच बसतात. मी बसायचं ते मांडवातल्या खुर्चीवर, फोटोपुरतं. या कामाबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

पण गेल्या वर्षापासून नेमकं बसणंच जमेना. पाळीचा काही भरवसा राहिला नाही. दोन महिने गायब, आणि आली की आगाऊ पाहुण्यासारखी मुक्काम ठोकून राहायची. अंगावरून इतकं जायचं, की पॅडला जुन्या सुती साडीच्या घडीची जोड द्यावी लागे. भाकरी थापता थापता मी परात धरून बसून राहायचे. दोन पायऱ्या चढले तरी धाप लागायची. पंचेचाळिशीतल्या बाईला आमच्याकडं यावर एकच सल्ला मिळतो, पिशवी काढून टाक. शेजारीण सांगते, विहीण सांगते, एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा सांगते. ती पिशवी जशी काही बाजारातून आणलीय. माझ्या धाकट्या जावेनं ऐन तिशीत काढली. रक्त थांबलं, पण तेव्हापासून ती कंबर धरून चालते. तिच्याकडं बघून माझा धीर होत नव्हता. मला अंबाजोगाईला जाऊन चांगल्या डॉक्टरीणबाईला दाखवायचं होतं, एवढंच.

"जाऊ की," हे म्हणायचे. "एवढा कार्यक्रम होऊ दे."

आमच्या जिल्ह्यात एक वेळ पाऊस संपतो, कार्यक्रम संपत नाहीत. सभामंडपाचं उद्घाटन झालं, मग सप्ताह, मग कुणाचा तरी वाढदिवस, आणि मग रस्त्याचं भूमिपूजन निघालं. त्याला साहेब, म्हणजे आमचे आमदार, येणार होते. साहेबांमुळंच आमच्या भागात रस्ते होतात, आणि त्यांच्यामुळंच ते दर निवडणुकीला पुन्हा करावे लागतात.

त्या दिवशी सकाळपासूनच अंगावरून फार जात होतं. नवऱ्यांनी साडी काढून ठेवली होती, लिंबाच्या रंगाची. मी म्हटलं, मी काळी नेसते.

"काळी? साहेबांच्या कार्यक्रमात? निषेध हाय का कुणाचा?"

मी लिंबू रंगाची नेसले.

साहेब सकाळी येणार होते. दुपार कलली तरी त्यांचा पत्ता नव्हता. स्टेजवर पांढऱ्या खोळी घातलेल्या खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर मी. ग्रामपंचायतीच्या संडासाला कुलूप होतं. किल्ली शिपायाकडं, आणि शिपाई साहेबांना आणायला फाट्यावर गेलेला. खालचं ओलं मला कळायला लागलं. आता उठायचं नाही, एवढंच मी मनाशी ठरवलं. आणि तेवढ्यात रस्त्यावर गाड्यांचा धुरळा दिसला.

सगळा मांडव उठला. म्हातारे उठले, पोलीस उठले, मांडवाच्या कडेला जेवत बसलेले वाजंत्रीवाले हातातला घास टाकून उठले. मी बसून राहिले.

"ऊठ की!" हे माझ्या कानाशी दातओठ खात म्हणाले. मी मान हलवली आणि बसल्या जागेवरून हात जोडले. साहेब माझ्यासमोर येऊन थबकले. त्यांच्यासमोर कुणी बसून राहिलेलं त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नसावं. फोटोवाला समोर होता म्हणून चेहऱ्यावरचं हसू त्यांनी तसंच ठेवलं, माझ्या अंगावर शाल टाकली आणि भाषणाला उभे राहिले.

भाषण होतं महिला सक्षमीकरणावर. मला माईकचा आवाज लांबून यायला लागला, डोळ्यांपुढं अंधारी आली. इथंच पडले तर काय, या भीतीनं मी समोर बसलेल्या जावेकडं बघितलं. तिला काही सांगावं लागलं नाही. ती बचत गटाच्या बायांशी काहीतरी कुजबुजली आणि पंधरा-वीस बाया भर भाषणात उठून थेट स्टेजवर आल्या. त्यांनी माझ्याभोवती कडं केलं. जावेनं माझ्या खांद्यावरची शाल ओढली आणि कमरेला गुंडाळून गाठ मारली. एकीनं खुर्चीची खोळ उपसून काखेत मारली. मला मधे धरून सगळ्याजणी मांडवाबाहेर पडल्या. रडू येत होतं, पण त्या बायांचे हात पाठीला लागले होते, त्यानं बरं वाटत होतं.

संध्याकाळपर्यंत गावागावांतल्या मोबाइलवर व्हिडिओ फिरला. सरपंचबाईंचं बंड. साहेबांची शाल कमरेला बांधून महिलांचा सभात्याग. विरोधी गटाच्या पुढाऱ्यानं अभिनंदनाचे पेढे पाठवले. मला चक्कर येत होती म्हणून मी दोन खाल्ले.

नवऱ्याला मी खरं काय ते सांगितलं. ते डोकं धरून बसले. मग म्हणाले, "हे कुणापाशी बोलू नको. त्यापरीस बंड बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब स्वतः दारात. चहा झाला. "ताई, काहून नाराज झालात?" त्यांनी फार प्रेमानं विचारलं.

माझ्या वतीनं नवऱ्यांनी उत्तर दिलं. तशी पद्धतच आहे. "पाण्याच्या टाकीचं, साहेब. बायांचे लई हाल व्हायलेत."

"झाली म्हणून समजा. पुढच्या महिन्यात भूमिपूजन घेऊ. ताईच नारळ फोडतील."

भूमिपूजन हा शब्द कानावर पडला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. "साहेब," मी म्हटलं, "टाकी व्हायलाच पायजे. पण मी टाकीपायी बसले न्हवते. पाळीचं रक्त खुर्चीला लागलं होतं. वरीसभर अंगावरून जायलंय. दवाखान्याचं नाव काढलं की ह्यांचा कार्यक्रम निघतोय."

साहेबांचा अंगरक्षक छपराच्या पत्र्याचे खिळे बघायला लागला. कुठल्याही विषयावर तासभर बोलणारे साहेब ड्रायव्हरला एवढंच म्हणाले, "ताईंना अंबाजोगाईला घेऊन जा." आणि स्वतः दुसऱ्या गाडीनं निघून गेले. जाताना माझ्याकडं बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं आणि माझ्यावर रागावल्या. इतक्या कमी रक्तावर तुम्ही चालत कशा होतात, म्हणाल्या. पाळी जायच्या आधी काहींना असा त्रास होतो, गोळ्यांनी बघू, लोहाची सलाईन लावू, पिशवी लगेच काढायची काही गरज नाही. हे ऐकून मी तिथंच, तपासायच्या टेबलावर, हमसून हमसून रडले. गावात मात्र पक्कं झालं होतं, की साहेबांनी गाडी पाठवून मला फोडलं.

महिना-दीड महिन्यानं, माझा त्रास बराच आटोक्यात आल्यावर, साहेबांच्या घरून फोन आला. बोलत होत्या वहिनीसाहेब. त्यांना आम्ही फक्त बॅनरवर बघितलेलं, हात जोडलेल्या.

"ह्यांनी तो व्हिडिओ दहादा बघितला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बंड म्हणून. मी नुसती शाल बघितली. मी बी तशीच बांधते, ताई. ड्रायव्हरनं तुम्हाला जिच्याकडं नेलं, त्या डॉक्टरीणबाईकडं मला न्याल का?"

"तुमच्या दारात तर गाड्याच गाड्या," मी म्हटलं.

"लई हायत. सगळ्या कार्यक्रमाला लागतात."

घाटनांदूरच्या स्टँडवर आम्ही भेटलो. डोक्यावरून पदर, तोंडाला मास्क, आणि कमरेला शाल, भारी, जरीच्या काठाची. कुठल्यातरी सत्काराचीच असणार. चेहरा पांढराफटक पडलेला. अंबाजोगाईची एसटी लागली, बसायला जागाही होती, पण त्या दांडी धरून उभ्याच राहिल्या. कंडक्टर दोनदा म्हणाला, "बसा की बाई." त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, बरी हाय मी."

मी माझ्या बॅगेतून ती पांढरी खोळ काढली. मांडववाल्याला ती मी परत दिलीच नव्हती. किती वेळा धुतली तरी डाग पुरता गेला नव्हता. चार घड्या घालून ती सीटवर अंथरली आणि म्हटलं, "बसा, वहिनी."

त्यांनी त्या डागाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि बसल्या.