कोळशात तूस आणि एक काका

डोंबिवलीच्या आमच्या लॅबमध्ये आम्ही दिवसभर वस्तू पेटवतो! भाताचं तूस, लाकडाचा भुसा, शेंगांची टरफलं, काहीही कोळशात मिसळायचं आणि कधी पेटतं, किती टिकतं ते बघायचं. असल्या ठिकाणी राखेपेक्षा किस्सेच जास्त साठतात.

*

आमच्या बॉस प्रज्ञा मॅडम, मोहने गावच्या. तूस लवकर पेटतं आणि कोळशालाही पेटवतं, हे त्या आल्यागेल्याला सांगत सुटतात. एकदा रिक्षावाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, माझी सीएनजी आहे. उतरा, स्टेशन आलं!"

*

सोसायटीची होळी पेटेना. मॅडमनी एक ओंडका बाहेर ओढला, दाबून पाहिला. "ओलावा जास्त आहे. वाळवून आणा."

चेअरमन ओरडले, "अहो, होळी आहे ही, सॅम्पल नाही!"

*

एकदा टरफलांच्या पोत्यात चक्क शेंगा निघाल्या. आमचा किशोर, बाळकुमच्या कोळ्याचा पोरगा, एक नंबर खादाड.

"पोतं हलकं कसं झालं रे?" मॅडमनी विचारलं.

"तेलकट भाग वेगळा काढला, मॅडम. तो जास्त जळतो ना!"

"ठेवलास कुठे?"

किशोरने पोटावर हात फिरवला. "ट्रायल चालू आहे!"

*

खरी ट्रायल लागली कल्याणजवळच्या एका कारखान्यात. इतकी वर्षं मॅडमना कारखानदारांकडून 'कागदावर ठीक आहे हो' एवढंच ऐकावं लागलेलं. इथल्या मालकांनी एकदाचा बॉयलर दिला, पण अट घातली: शेजारच्या कॉलनीतून एक जरी तक्रार आली, तरी तूस बंद, परत नुसता कोळसा. आणि त्या कॉलनीतले एक काका तर उदबत्तीच्या धुराचीही तक्रार करणारे!

आदल्या दिवशी पोती कमी पडली. किशोर म्हणाला, "आईकडे आहेत ना!" आणि घेऊन आलेला. तूस त्यातच भरलं.

सकाळी भट्टी लावली. मिश्रण झटकन पेटलं, ज्योत स्थिर, चिमणीतून धूर जवळजवळ नाहीच. मॅडमचे डोळे भरून आले. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवायला लागले.

तेवढ्यात वास सुटला. भट्टीच्या गरम दारापाशी थोडं तूस सांडलेलं आणि त्यात सुक्या बोंबलाचे तुकडे खरपूस भाजत होते! किशोरच्या आईची पोती बोंबलांची!

"वाट लागली!" किशोर म्हणाला.

मालकांचा फोन वाजला. काकाच! त्यांनी स्पीकरवर टाकला. मॅडमनी माझा हात घट्ट धरला.

"तुमच्याकडून वास येतोय," काका म्हणाले.

"सॉरी काका, लगेच बंद करतो," मालक म्हणाले.

"बंद कशाला? मी भाताचा कुकर लावलाय. चार तुकडे पाठवताय का?"