समुद्रासाठी अर्धा तास

निजामाच्या राज्यात सगळं काही होतं, समुद्र तेवढा नव्हता. त्यामुळे आमच्या मंठ्यात समुद्राविषयी अधिकारवाणीनं बोलायला कुणालाच अडचण येत नसे. मलाही नाही.

लग्न झालं तेव्हा मी बायकोला समुद्र दाखवायचा शब्द दिला होता. अठरा वर्षांनी तो पाळायचा योग आला. मुंबईला एका लग्नाला गेलो होतो, मध्ये एक दिवस मोकळा सापडला, तेव्हा मी तिला आणि माझ्या आत्याबाईला घेऊन अलिबाग गाठलं. पोचलो ते संध्याकाळी, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे परत निघायचं होतं. म्हणजे हाताशी दिवस एकच. मी रात्रीच कागद घेऊन करायच्या सात गोष्टी मिनिटांसकट मांडल्या. किल्ला, दोन तास. समुद्र पाहणे, अर्धा तास. समुद्रस्नान, पाऊण तास. पुढं शिंपले, नारळाची वाडी, टांग्याची फेरी आणि बाजार.

बायकोनं कागद वाचला. "अठरा वर्षं थांबले, अन् समुद्राला अर्धाच तास?"

"पाणीच तर आहे. एकदा पाहिलं की पाहिलं."

सकाळी आठला किनाऱ्यावर आलो. समुद्र पार लांब चमकत होता आणि समोरच्या किल्ल्यापर्यंत नुसती वाळू न् खडक. मी खूश झालो. "आधी किल्ला उरकू. समुद्र काय पळून जातोय?"

मी पावलं मोजत पुढं, मागून दोघी. आत्याबाई म्हणाली, "गोविंदा, वाळू ओली हाय रे."

"रात्री पाऊस झाला असेल."

"मंग आपण उतरलो तिथल्या अंगणात कसा न्हाई झाला?"

मी उत्तर दिलं नाही, कारण मोजणी चुकली असती. (चुकलीच. पुन्हा पहिल्यापासून मोजली.) अर्ध्या वाटेवर एक सपाट खडक लागला. त्यावर मी दशम्यांचं गाठोडं ठेवलं. परत येताना तिथंच न्याहारी करायची, उगाच ओझं कशाला? आमच्या गावची नदी दिवाळीनंतर कोरडी पडली की पावसाळ्यापर्यंत कोरडीच. तिच्या पात्रात बायका धुणी वाळत घालून घरी जातात. मीही त्याच भरवशावर होतो.

किल्ला पाहून बरोबर दहाला दरवाज्यात आलो, तर वाट नव्हती. जिथं वाळू होती तिथं पाणी होतं. खडकावर एक लाट चढली आणि उतरताना गाठोडं घेऊन गेली.

"घेतला नैवेद्य," आत्याबाई म्हणाली.

"तूप लावलेल्या दशम्या होत्या!" मी म्हणालो.

तेवढ्यात किल्ल्यातल्या देवळाचे गुरव आले. "मंडळी कुठली?"

"मंठ्याची. जालन्याकडची."

"तरीच. आता सहाला उतरेल पाणी."

"सहाला? आमच्या सहा गोष्टी व्हायच्या आहेत!" मी कागद दाखवला.

त्यांनी तो शांतपणे वाचला. "आज तिथी कोणती?"

"वद्य तृतीया," मी ताबडतोब सांगितलं. तिथी मला तोंडपाठ असते.

"पाउणकी येते का?"

आता हे मला विचारणं म्हणजे! पाउणकीच्या पाढ्यात शाळेत मला कुणी हरवलं नव्हतं. मी तिथंच सुरू केलं, "एक पाऊण पाऊण, बे पाऊणे दीड, तिरी पाऊणे सव्वादोन..."

"थांबा. तृतीयेला भरती सव्वादोनला. तिथीची पाऊणपट. इथं पोराटोरांना येतं हे."

तिथी माझ्याजवळ होती, पाढा माझ्याजवळ होता, घड्याळसुद्धा होतं. विचारायचं तेवढं राहिलं होतं.

गुरवांच्या घरी पेज मिळाली. नंतर मी दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहत राहिलो आणि कागदावरची एकेक गोष्ट खोडत गेलो. वाडी गेली. टांगा गेला. बाजार गेला. तिकडं बायको तटावर पाय सोडून बसली होती आणि चारी बाजूंनी समुद्र तिच्याकडं चालून येत होता. मी जवळ जाऊन म्हणालो, "माझं चुकलं. सगळा दिवस वाया गेला तुझा."

"जरा सरका," ती म्हणाली. "तुम्ही मधी उभे हायेत, दिसून न्हाई राह्यलं."

सहाला गुडघाभर पाण्यातून परतलो. वाटेत एक लाट मला बसवून गेली, म्हणजे समुद्रस्नानही झालं.

गावी येऊन तिनं बायकांत सांगितलं, "ह्यांनी मला सलग आठ तास समुद्र दाखवला." त्यावरून मंठ्यातले कितीतरी नवरे माझ्याशी नीट बोलेनासे झाले. मी खुलासा केला नाही. पण अजूनही गावची कोरडी नदी ओलांडायला निघालो की बायको काठावरूनच विचारते, "तिथी बघितली का?"

आणि खरं सांगतो, मी बघितलेली असते.