धारूरच्या सरांची शेळी

शेळी होती, पण तिला डोळे नव्हते. तोंड नव्हतं, शिंगं नव्हती. नुसता तपकिरी डाग. मी एकेक सेल उजेडाला धरून बघत होते आणि दारात सरांची सून सुरेखा रडत उभी होती.

“ताई, मला वाटलं धूळ हाय. तुमी येणार म्हणून ओल्या फडक्यानं पुसलं. सगळंच.”

सेल म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा पातळ कागद. कॉम्प्युटर यायच्या आधी कार्टून त्यावर बनायची. पुढून शाईची रेघ, मागून रंग. खाली डोंगराचं चित्र तेच ठेवायचं, वरचे सेल बदलत फोटो घ्यायचे, की शेळी चालायची. सुरेखानं पुढची बाजू पुसली. रेघ गेली, रंग राहिला.

सर मूळचे धारूरचे, नोकरी मुंबईच्या स्टुडिओत. मला ट्रेसिंग, म्हणजे सेलवर शाईची रेघ ओढणं, त्यांनीच शिकवलं. रेघ जरा हलली की सेल मुकाट्यानं परत यायचा. आज मी पुण्यात जुन्या फिल्म दुरुस्त करून पोट भरते, ते त्यांच्याच जिवावर. किल्ल्याचा चढ चढणाऱ्या म्हाताऱ्या शेळीचं हे कार्टून त्यांनी हौसेनं केलेलं. फिल्म सडून गेली, सेल तेवढे उरले. ते स्कॅन करून जोडायचे, एवढंच माझं काम. डोळे आहेत तोवर सरांना ती एकदा चालताना बघायची होती.

त्यांना सांगायची कुणाची छाती होईना. शेवटी मीच सांगितलं. ते म्हणाले, तूच काढ आता.

उरलेल्या रंगाच्या कडेनं मी थोडे सेल ट्रेस केले आणि लाईन टेस्ट घेतली, म्हणजे तेवढेच जोडून चालवून पाहिले. रेघ अगदी स्वच्छ. पण शेळी सपाट रस्त्यानं निघाल्यासारखी, चढ जाणवेचना. मला माझाच राग आला.

“सर, मला नाही जमत. तुम्ही काढा.”

त्यांनी उजवा हात पुढं केला. तो थरथरत होता. कंप सुरू झाल्यापासून त्यांनी ब्रश धरला नव्हता.

“ह्या हातानं? सेल बाद होईल, पोरी.”

“होऊ द्या. माझे काय कमी बाद केलेत?”

हसले एकदाचे. मग रोज सकाळी बसायचे. सुरेखा सेल दाबून धरायची, मी शाई द्यायचे. प्रत्येक रेघ हलली, आणि प्रत्येक सेलवर वेगळी हलली.

काम संपल्यावर घरातल्याच भिंतीवर चादर लावून दाखवलं. त्या हललेल्या रेघांनी शेळीचं सगळं अंग धपापत होतं. थांबत, धापा टाकत ती चढत होती.

“तरुणपणी मला हिला धाप लावता आली न्हवती,” सर म्हणाले. मग सुनेकडं वळले. “पुसलंस ते लई बरं केलंस, सुरेखा.”

ती पुन्हा रडली. मीही रडले, लपवत नाही.

जुने सेल ओल्या फडक्यानं पुसू नयेत, हे मी सगळ्यांना बजावते. सुरेखाला मात्र अजून बोललेले नाही.