तुरा नामंजूर

मध्यप्रदेश नवा नवा झाला तेव्हा इंदूरच्या मराठी माणसांना एकाएकी भाषेची काळजी वाटू लागली. काळजी वाटली की आपण समिती नेमतो. मल्हारगंजातल्या एका दिवाणखान्यात दर रविवारी शास्त्रीय शब्दांची समिती बसायची आणि शुद्ध मराठी कशी वाचवावी, यावर हिंदीत चर्चा करायची.

परदेशीपुऱ्यातल्या गिरणी कामगारांच्या मुलांसाठी मी वनस्पतींवर छोटंसं पुस्तक लिहिलं होतं. समितीने होकार दिला तरच ते छापलं जाणार होतं. सगळं पसंत पडलं. अडलं ते ‘पॅनिकल’वर. मधल्या दांड्याला फांद्या, त्या फांद्यांना पुन्हा फांद्या आणि त्यांवर फुलं, असा तो झुपका. मी त्याला ‘तुरा’ म्हटलं होतं. सांवेरच्या शेतात मक्याच्या डोक्यावर डुलतो, तोच.

“अरे बेटी, तुरा तो पगडीला असतो,” अध्यक्ष म्हणाले. त्यांचे पणजोबा दरबारच्या घोडदळात होते आणि हे अजून त्या घोड्यावरून उतरले नव्हते. “आमच्या तुऱ्याला मुजरे झालेत. तो मक्याला कसा देणार?”

चिटणीस म्हणजे निवृत्त संस्कृत शिक्षक. त्यांनी पर्याय काढला: ‘बहुशाखीयपुष्पविन्यास’. टाळ्या पडल्या.

“लॅटिनच्या तोडीचा शब्द पाहिजे ना, यूँ ही थोडी!” चिटणीस खुलले.

मी सांगितलं, ‘पॅनिकल’ ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा एक अर्थ कांडीवर गुंडाळलेलं सूत. विणकरांचा शब्द. या मुलांचे बाप रोज तेच सूत हाताळतात.

“म्हणजे लॅटिनमध्येही युनियन घुसली?” अध्यक्ष हसले. “शब्द बदल, उद्या छापतो.”

युनियनची पत्रकं वाचत वाढलेली मुलगी मी. ‘तडजोड’ हा शब्द आमच्या घरी फक्त मालकांच्या संदर्भात निघायचा. कागद उचलले आणि निघाले.

कामगारांची पत्रकं माझे वडीलच काढायचे. “मुलांना पुस्तक पाहिजे होतं, तुला लढाई,” एवढं बोलून त्यांनी पत्रकं छापायच्या सायक्लोस्टाइल यंत्रात शाई भरली. कोरे कागद नव्हते, म्हणून उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर पुस्तक निघालं: एकीकडे बोनसची मागणी, दुसरीकडे फुलांची रचना. बारीक फांद्यांचं चित्र काही उमटेना, नुसता डाग पडे. शेवटी तिथे चौकोन कोरा सोडला आणि खाली लिहिलं: तुरा इथे काढा.

मुलांनी काढला. बहुतेकांच्या फांद्या चौकोनाबाहेर गेल्या आणि माझ्या व्याख्येवर पसरल्या.