सव्वा वाजताची छोटी लाईन

नागपुरात तेव्हा दोन स्टेशनं होती आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. एक मुंबई-कलकत्त्याच्या गाड्यांचं मोठं स्टेशन. दुसरं तिकडे इतवारीत, छोट्या लाईनीचं, म्हणजे अरुंद रुळांवरून खेड्यापाड्यांत जाणाऱ्या गाडीचं. एका गाडीतून उतरून दुसरी धरायची तर सामान उचलायचं, सायकलरिक्षा करायची आणि गर्दीतून इतवारी गाठायची. मोठीला उशीर झाला म्हणून छोटी कधी थांबल्याचं मी ऐकलं नाही. आमच्याकडची माणसं मात्र या मधल्या वेळावर फार खूश असत. ‘नागपूरले चार घंटे हायेतच’ असं म्हणून त्या चार तासांत लोक कापड घेत, किडका दात काढत, दवाखान्यातल्या चुलत्याला भेटून येत. माझ्या वडिलांनी त्यात माझं लग्न कोंबलं.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते, बी.ए., बी.एड. झालेली, आणि तीन स्थळांनी पाहून सोडलेली. आमचं गाव पुलगावजवळ. उमरेडच्या पुढे, छोट्या लाईनीवरच्या एका गावात हायस्कूल होतं. तिथे मी अर्ज केला होता. नेमणुकीचं पत्र टपालात कुठे कुठे हिंडून शनिवारी आमच्याकडे पोचलं. सोमवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत रुजू व्हा, नाहीतर नेमणूक रद्द समजण्यात येईल, असं त्यात लिहिलं होतं. पावसाळ्यात तिकडची यष्टी बंद असे. सोमवारी सकाळची पॅसेंजर धरून नऊला नागपूर, तिथून इतवारीची सव्वा वाजताची छोटी लाईन, साडेचारला गाव, आणि स्टेशनासमोर शाळा. एवढा एकच रस्ता होता. मी पत्राची घडी पोलक्यात ठेवली होती आणि दर अर्ध्या तासाने ती आहे ना, हे पाहत होते.

बुटीबोरी गेल्यावर बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “इतवारीतच जायचं हाय, तं तुह्या आतेकडे जरा टेकून जाऊ.”

मी म्हटलं, “टेकू. पण बारा वाजता निघायचं.”

“हाव. तेवढ्यात ते लोकही येऊन जातीन.”

“कोण लोक?”

मग सगळं बाहेर आलं. आत्याच्या नजरेत बरेच महिने एक मुलगा होता, नागपुरातच सदरला कचेरीत कारकून. त्या लोकांना नोकरीवाली मुलगी हवी होती. शनिवारी पत्र आल्याबरोबर बाबांनी नागपूरला निघालेल्या एका माणसाजवळ आत्याला चिठ्ठी दिली होती. आईला माहीत होतं. फक्त मला माहीत नव्हतं. मी इतकी चिडले की समोरच्या बाईनं आपलं मूल दुसऱ्या मांडीवर घेतलं.

“बाबा, आजच्या दिवशी काहून?”

“अवं, चार घंटे हायेत,” बाबा म्हणाले. एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते वाईट माणूस नव्हते. एका खेपेत दोन कामं झाली की त्यांना दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटे. बाजारात जातानासुद्धा ते कोणाचा तरी निरोप सोबत घेऊन जात.

आत्याचं घर इतवारीत, दोन गोदामांच्या मधे. तिनं मला आल्या आल्या न्हाणीत ढकललं, स्वतःची जांभळी जरीची साडी नेसवली आणि केसांना इतकं तेल लावलं की ते कानामागून ओघळायला लागलं. मी सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. ते तिच्या लक्षात आलं.

ती बाबांना म्हणाली, “हे पाय गा, त्यायच्यासमोर गाडीचं नाव काढू नोको. पोरीवाल्यानं घाई केली ना, तं समोरच्याले वाटते काही खोट हाय. आपण आरामात बसायचं.”

“पण आत्या, गाडी सव्वाची आहे,” मी म्हटलं.

“तुले कोणी इचारलं काय वं? तू खाली पाहून बस.”

अकराला येणार होते ते पावणेबाराला आले. मुलगा, त्याचे वडील, त्याची आई. आल्यावर सतरंजीवर बसले, पाणी प्यायले, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. पोहे तयार होते, ट्रे तयार होता, मी तर केव्हाची तयार होते. पण मुलाचा मामा यायचा होता. मामा आल्याशिवाय मुलगी पाहायची नाही, अशी त्यांच्याकडची रीत. मामा राहायचा हुडकेश्वरला. तेव्हा ते शहराबाहेरचं खेडं होतं, आणि मामा सायकलवर येत होता.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून राहिले. बारा वाजले. सव्वाबारा झाले. बाबा ओसरीवर हात जोडल्यासारखे बसले होते. मुलाचे वडील काहीही बोलले की ते “हाव, हाव” करत. दोनदा त्यांची आणि माझी नजर भिडली. दोन्ही वेळा त्यांनी डोळ्यांनीच मला सांगितलं, होईल वेळेवर. मला त्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटत होतं. माझी चार वर्षांची कॉलेजची फी त्यांनी भरली होती, लोकांचं ऐकून घेतलं होतं, आणि आता त्याच पोरीची नोकरी समोरून जात असताना ते मान डोलावत होते. गाडीचं नाव काढलं असतं तर मुलीत खोट निघाली असती. नाही काढलं तर नोकरी जात होती. तिसरं काही त्यांना सुचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही सुचलं नाही.

साडेबाराला मामा आला. घाम पुसला, पाणी प्याला, सायकलची चेन दोनदा उतरल्याची हकीकत सांगितली. मग मला बाहेर बोलावलं. मी पोहे दिले, नमस्कार केला, पाटावर बसले. नाव विचारलं, शिक्षण विचारलं, वडे-भाकरी येते का विचारलं. मामा म्हणाला, “नोकरी लागली म्हणे?”

आता तरी, असं मला वाटलं. बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी मला पत्र द्यायला सांगितलं. ते पत्र हातोहात फिरलं. मुलाच्या वडिलांनी चष्मा लावून वरचा छापील मथळा वाचला आणि मान हलवली. आईला वाचता येत नव्हतं, तिनं शिक्का बघितला. मामानं ते परत माझ्याकडे दिलं.

“मास्तरीण हाय ना, तं वाचून दाखवा. पायतो कसं वाचते तं.”

त्या घरात त्या दिवशी मला बोलायची ती एकच परवानगी मिळाली. मी तिचा पुरेपूर उपयोग करायचं ठरवलं. मी सावकाश, वर्गात शेवटच्या बाकावर ऐकू जावं अशा आवाजात वाचलं. तारीख वाचताना मी थांबले. “सोमवार” म्हटलं आणि पुन्हा थांबले. “सायंकाळी पाच वाजेपर्यंत रुजू न झाल्यास,” असं म्हणून मी मान वर केली आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. “आपली नेमणूक रद्द समजण्यात येईल.”

आत्या पदर चावत होती. बाबा जमिनीकडे बघत होते.

“वाचन एकदम साफ हाय,” मामा म्हणाला.

“आवाजही खणखणीत हाय,” मुलाचे वडील म्हणाले. आणि आई म्हणाली, “चहा घेऊ ना मंग.”

मुलगा मात्र मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. त्याला समजलं होतं. त्यानं घड्याळ पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. त्याचे ओठ जरा हलले. मग त्यानं आपल्या मामाकडे पाहिलं आणि बशीतला चहा फुंकायला लागला. त्या घटकेपासून आजपर्यंत मी त्या माणसाला माफ केलेलं नाही. बाकीच्यांना ऐकू आलं नव्हतं. त्याला आलं होतं.

ते उठले तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. साडी बदलायला वेळ नव्हता. आत्याही पाठी लागली, “राहू दे वं अंगावर, मंग पाठवजो.” बाबांनी ट्रंक उचलली, रिक्षा मिळाली, आणि गल्लीच्या तोंडाशीच अडकली. मिरच्यांच्या पोत्यांचा हातगाडा आडवा, त्यामागे दुसरा, आणि सगळे एकमेकांना मागे सरायला सांगत होते. बाबा खाली उतरले आणि रिक्षा मागून ढकलायला लागले. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर टोपी, स्वच्छ धोतर. रिक्षावाला म्हणत होता, “बैठो ना बाबूजी, उससे क्या होगा.” तरी ते ढकलत राहिले.

आम्ही स्टेशनात शिरलो तेव्हा गाडी हलली होती. छोटी लाईन ती, तिला वेग म्हणून काही नसायचाच. प्लॅटफॉर्म सोडेपर्यंत तर ती माणसाच्या चालीनं जायची. लोक धावत येऊन डब्यात चढत होते. एका म्हातारीलासुद्धा दोघांनी हात धरून वर ओढलं. मी धावले. शेवटच्या डब्यापर्यंत पोचले. आतून कोणीतरी हात पुढे केला.

मागून बाबा ओरडत होते, “जाय वं! तू जाय! मी येतो मांगून!”

मी मागे वळून पाहिलं. ते ट्रंक छातीशी धरून, लंगडत पळत होते. तिकिटं त्यांच्या खिशात, ट्रंक त्यांच्याकडे. मी आयुष्यात एकदाही एकटी गाडीत बसले नव्हते. अंगावर आत्याची जरीची साडी, डोक्यावर तेलाचा थापा, आणि पुढे अनोळखी गाव. चढायला एक उडी पुरत होती. माझे पाय उचललेच गेले नाहीत. तो पुढे केलेला हात थोडा वेळ तसाच राहिला आणि मग आत गेला.

सव्वा वाजता कोणी मला धरून ठेवलं नव्हतं, हे मला मान्य करायलाच हवं. बाबा तर ‘जा’ म्हणत होते. बी.एड.ला मी बालमानसशास्त्रात पहिली आले होते, पण धावत्या गाडीत एकटीनं चढणं मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि ते मी स्वतःहून शिकूनही घेतलं नव्हतं.

स्टेशन मास्तरांना आम्ही तार करता येईल का विचारलं. त्यांनी तार केली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं आम्ही गेलोसुद्धा. हेडमास्तर सज्जन होते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. म्हणाले, “तुमची तार आज दुपारी मिळाली. काल पाचपर्यंत वाट पाहिली. यादीतली पुढची बाई उमरेडचीच. रात्रीच तिला निरोप धाडला, आज सकाळी रुजू झाली.” बाहेरून पाढे म्हणण्याचा आवाज येत होता. बाबा उठताना दोनदा म्हणाले, “चूक माही हाय, साहेब.” हेडमास्तर म्हणाले, “असू द्या.” यावर कोण काय करणार होतं?

पंधरा दिवसांनी सदरहून कार्ड आलं. मुलगी पसंत आहे. मात्र नोकरी कायम आहे ना, तेवढं उलट टपाली कळवावे.

मी ते वाचून हसत सुटले, आणि मग हसणं थांबेना म्हणून आईनं मला पाणी पाजलं. बाबा दिवसभर ते कार्ड हातात घेऊन बसले होते. संध्याकाळी म्हणाले, “सध्या रजेवर हाय, असं लिहू काय?” मी दौत घेतली आणि त्यांच्यासमोर बसून स्वच्छ अक्षरात लिहिलं की आपण मुलगी पाहायला आलात त्याच दिवशी तिची नोकरी गेली, कारण आपले मामा यायचे होते. बाबांनी वाचलं. ‘खोड’ म्हणाले नाहीत. सही केली आणि स्वतः नेऊन टपालपेटीत टाकलं.

त्याचं उत्तर आलं नाही, येणारही नव्हतं. पण बाबा रोज टपाल यायच्या वेळी ओट्यावर येऊन बसायला लागले. पोस्टमन वळणावर दिसला की उठून उभे राहत. तो पुढे निघून गेला की धोतर झटकून आत येत. महिना झाला, दीड महिना झाला. मला संताप यायचा. एवढं होऊनसुद्धा या माणसाला त्या चहा फुंकणाऱ्याचीच आस लागून राहिली आहे, असं वाटायचं. एक दिवस मला राहवलं नाही.

“बाबा, ते लोक लिहिणार नाहीत. काय वाट पाहता त्यांची?”

“त्यायची नाही वं,” ते म्हणाले. “तुह्या शाळेचं येते का पाहून राहिलो. एखाद् वक्ती त्या बाईनं नोकरी सोडली असन.”